डाव्या पायाची चार चित्रं

नवतपा लागला की नागपूरची माणसं दोनच गोष्टींवर बोलतात, आज किती आणि काल किती. पेपरात आकडा येतो, पण त्यावर कुणाचा विश्वास नसतो. प्रत्येकाच्या अंगणात तो दोन अंशांनी जास्तच असतो. रोहिणीतले हे नऊ दिवस तापले तर पाऊस चांगला, असं एकमेकांना सांगत आम्ही ते सोसतो. माझ्या हुडकेश्वरच्या गल्लीत दुपारी बारानंतर कुत्रंही दिसत नाही. कूलर घरघरत असतो, पडदे ओढलेले असतात आणि मी पलंगावर पडून छताकडे बघत असते. या नऊ दिवसांत मला दुपारची झोप कधीच लागत नाही.

सकाळी पाचला मात्र मी बाहेर पडते. आमच्याकडे नवनवी लेआउटं पडली आहेत, रस्ते झालेत आणि घरं व्हायची आहेत. त्या मोकळ्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरंपोरी धावत असतात. बाकीचे फिरायला आलेले लोक त्यांच्याकडे कौतुकानं बघतात. मी त्यांच्या पायांकडे बघते. डावा, उजवा, डावा, उजवा. कुणाचं एखादं पाऊल जरा आखूड पडल्यासारखं वाटलं की मी थांबून पुन्हा बघते. मागच्या वर्षी मी एका मुलीला थांबवलंच आणि म्हटलं, "बाळा, तुझा गुडघा दाखवून ये डॉक्टरला." ती हसायला लागली. बुटात खडा गेला होता तिच्या. तिनं तो काढून मला दाखवलासुद्धा, आणि मी वेड्यासारखी तिथेच उभी राहिले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, त्या वर्षीचा नवतपा मी एका माणसाला पळवण्यात घालवला. तो माणूस बोटाएवढा होता आणि टीव्हीच्या पडद्यात राहत होता.

आम्ही तेव्हा वाडीत राहायचो, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे, भाड्याच्या दोन खोल्यांत. आई, बाबा, मनोहरदादा आणि मी. दिवसभर ट्रकांचे हॉर्न, डिझेलचा वास आणि भांड्यांवर बसणारी धूळ. बाबा गोदामात हमाल होते आणि दादाही त्यांच्याबरोबर पोती उचलायचा. बाबांची पाठ चाळिशीतच वाकली होती. आपल्या पोरानं पोत्याखालून निघावं आणि पोलिसाची वर्दी घालावी, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. आणि दादा धावायचाही तसाच. आमच्या वस्तीत विहारासमोर पोरांच्या शर्यती लागायच्या, तेव्हा दुसरा कोण येतो एवढंच बघायचं बाकी असायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूरची भरती होती. दिवाळीनंतर दुसऱ्या जिल्ह्यात आणखी एक होती आणि तिथवर त्याचं वय बसत होतं. पण दिवाळीचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. जूनमध्येच होणार, हे जणू ठरूनच गेलं होतं.

मी पॉलिटेक्निकला होते आणि सुट्टीत धंतोलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासला जायचे. क्लास कसला, एक खोली, एक टीव्ही आणि त्याला जोडलेला पाटीएवढा कॉम्प्युटर. प्रोग्रॅम कॅसेटमध्ये साठवायचा आणि टेपरेकॉर्डरवर वाजवून परत आत घालायचा. तो वाजताना असा किंचाळायचा की खालचा शिंपी वर येऊन भांडायचा. चांदेकर सर आमचे गुरू. शाळा उघडल्यावर एक प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात मांडायला सरांना खेळ बनवायचा होता. एक माणूस धावतोय, वाटेत दगड येतात, खड्डे येतात, तो उड्या मारून जातो. दगड आणि खड्डे सरांनी केले. माणूस माझ्याकडे आला, कारण माझी चित्रकला बरी होती. "माणूस खराखुरा पळाला पाहिजे," सर म्हणाले. "प्रदर्शनात लोक थांबले पाहिजेत. मग मुलींची बॅच तू घे."

ही गोष्ट त्या काळी कशी व्हायची ते सांगायला हवं. आलेखाच्या कागदावर चौकोनांत माणूस काढायचा. भरलेला चौकोन म्हणजे अंग, रिकामा म्हणजे हवा. मग प्रत्येक ओळीचा एक आकडा काढून तो मशीनला द्यायचा. असा एकच माणूस थोड्या थोड्या फरकानं पुन्हा पुन्हा काढायचा आणि ती चित्रं भराभर एकामागून एक दाखवायची, की तो पळायला लागतो. निदान पळायला हवा. माझा माणूस पळेना. पाय हलायचे, हात हलायचे, पण दिसायचं असं की उशीर झालेला कारकून लगबगीनं ऑफिसात चाललाय. मी पाय लांब केले, तर कारकून आणखी लांब ढांगा टाकायला लागला. सर म्हणाले, "अगं, पळणारा माणूस कधी पाहिलास का?"

पाहिला तर होता, घरातच. पण पाहणं वेगळं आणि चौकोनात बसवण्यासाठी पाहणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे दादाबरोबर निघाले. गोदामांच्या मागून शेतांकडे जाणारी एक कच्ची वाट होती. उन्हाळ्यात तिच्यावर घोट्याएवढा फुफाटा साचायचा, पिठासारखा मऊ. दिवसा तापून रात्री निवल्यावर पहाटे तो गार लागायचा. आकाश राखाडी, लिंबाखाली निंबोळ्यांचा कडसर वास, लांबवर एखादी एस.टी. गिअर बदलते. मी मांडीवर कागद घेऊन बांधावर बसायचे आणि दादा माझ्यासमोरून इकडून तिकडे, तिकडून इकडे धावायचा.

"हळू धाव ना गा थोडा," मी म्हणायचे. "तुझे पायच दिसत नाही मले."

"हळू धावलो तं ते धावणं राहते का वं?" तो ओरडायचा. "तू डोळे जल्दी चालव!"

तो चिडवायचा मला. जाताना एकदा हात वर करायचा, एकदा जीभ काढायचा. "हेही काढजो! तुह्या टीव्हीतल्या माणसाले जीभ दे!" किती वर्षं झाली, पण त्या फुफाट्यातला त्याचा धप धप आवाज अजून मला पाठ आहे. तेव्हा मात्र मी आवाजाकडे लक्ष दिलं नाही. मी शिकले ते फक्त बघायला.

उत्तर शेवटी वाटेनंच दिलं. तो गेल्यावर फुफाट्यात पावलं उमटलेली असायची. मी आईचा शिवणाचा टेप आणला आणि एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंत अंतर मोजलं. ते दादाच्या पायांच्या फाकीपेक्षा कितीतरी जास्त भरलं. एक पाय जमिनीवर ठेवून दुसरा तिथे पोचणंच शक्य नव्हतं. म्हणजे मध्ये काही क्षण दादा जमिनीवर नव्हताच! दोन्ही पाय हवेत! माझ्या एकाही चित्रात हे नव्हतं, माझ्या कारकुनाचा एक पाय कायम जमिनीला चिकटलेला होता. मी बांधावर उभी राहून ओरडले, "दादा, तू उडून राहिला गा!" तो लांबून म्हणाला, "आज समजलं का तुले?" इतका आनंद मला नंतर कुठल्याच कामात झाला नाही, अगदी खरं सांगते. माणूस धावतो म्हणजे दर ढांगेला जमीन सोडतो, आणि ती परत पायाखाली येईल असं धरून चालतो. हे मला एकोणिसाव्या वर्षी एका धुळीच्या वाटेवर कळलं.

मग मी आठ चित्रं काढली. चार उजव्या पायाच्या ढांगेची, चार डाव्या. टेपनं मोजून, पाहून, पुन्हा मोजून. अंदाजानं काहीच नाही. मान किती पुढे, कोपर किती मागे, सगळं जसंच्या तसं.

क्लासमध्ये चित्रं पडद्यावर चढवली. बाहेर ऊन रटरटत होतं, पंखा गरम हवा ढवळत होता, सर घाम पुसत होते. माणूस धावला. खरंच धावला. सरांनी टाळी वाजवली आणि मग मान तिरकी केली.

"छान आहे. पण हा लंगडतोय का गं?"

मी पाहिलं. तो लंगडत होता. फार नाही, जरासा. उजव्या पायानं उडायचा तो सणसणीत, आणि डाव्या पायानं उडताना खांदा किंचित खाली, उडी किंचित कमी. मी म्हटलं, माझं चुकलं असेल. संध्याकाळी कागद काढून तपासले, काहीच चुकलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी पहाटे टेप घेऊन पुन्हा वाटेवर गेले आणि दादा धावून गेल्यावर उकिडवी बसून मोजत राहिले. डाव्यानंतरचं उजवं पाऊल प्रत्येक वेळी वीतभर अलीकडे पडत होतं. डाव्या पावलाची टाच धड उमटतच नव्हती.

चैत्रात केव्हातरी गोदामात पोतं उतरवताना त्याचा डावा पाय गुडघ्यात मुरगळला होता. चार दिवस आईनं हळद-चुना लावला होता, आणि मग ती गोष्ट सगळेच विसरलो होतो. म्हणजे आम्ही तिघं विसरलो होतो.

मी तशीच बसून होते, तेवढ्यात तो परत आला. गुडघ्यांवर हात टेकून वाकला, धापा टाकत. नाकावरून घाम धुळीत टपकत होता. सूर्य नुकताच वर येत होता आणि तेवढ्यातच चटका बसायला लागला होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "नंदे, तू इतक्या दिवसांची पाहून राहिली मले. सांग बरं, कसा धावून राहिलो मी?"

मी म्हटलं, "मस्त."

"खरंच?"

"हाव ना. एकदम मस्त."

तो हसला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, आणि आम्ही घरी आलो.

काहून म्हटलं मी तसं? गेली पस्तीस-छत्तीस वर्षं मी स्वतःला विचारते आहे आणि दर वेळी उत्तर थोडं थोडं बदलतं. कधी वाटतं, भीतीनं. त्याच आठवड्यात बाबा गोदामातल्या लोकांना सांगून आले होते, "आपला मन्या आता वर्दीत येते समजा." हसताना बाबांचे दात मी पहिल्यांदा पाहिले होते त्या दिवशी. ते हसू मोडणारी मी कोण? कधी वाटतं, तो मोठा होता, त्याचा पाय होता, त्याला ठाऊक असणारच. वाईट मनःस्थितीत असले की वाटतं, मला माझी चित्रं पुरी करायची घाई होती. पण खरं उत्तर याहून साधं असावं, आणि म्हणूनच ते जास्त लाजिरवाणं आहे. सरांनी मला आदल्याच दिवशी उपाय सांगून ठेवला होता.

"आठ चित्रं मशीनला जड जातात," सर म्हणाले होते. "बाजूनं पाहिलं तर डावा काय आणि उजवा काय, सावली सारखीच. उजव्या पायाची चार ठेव आणि तीच दोनदा चालव. जागाही वाचेल आणि लंगडणंही जाईल."

मी तसंच केलं. डाव्या पायाची चार चित्रं काढून टाकली. माणूस सणसणीत धावायला लागला, दोन्ही पायांनी सारखा. सर म्हणाले, "व्वा!" आणि कागदावर ते मिटलं की मला सगळंच मिटल्यासारखं वाटलं. लंगडणं गेलं, असं मला खरोखर वाटलं. पुढच्या पहाटे मी दादाबरोबर गेलेच नाही. माझं काम झालं होतं.

भरतीच्या दिवशी बाबा त्याच्याबरोबर गेले. घरी आईनं पुरणाला डाळ शिजत घातली होती. अकराच्या सुमाराला दारात सायकलरिक्षा थांबली. दादा आत पाय लांब करून बसला होता, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. बाबा रिक्षाबरोबर चालत आले होते, त्यांच्या हातात दादाचे कॅनव्हासचे बूट होते. त्यांनी ते उंबऱ्याच्या आत ठेवले आणि म्हणाले, "पडला." एवढंच. शेवटच्या फेरीला तो पुढच्या तिघांत होता, वळणावर जोर लावला आणि गुडघा आतून सुटला, हे आम्हाला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. आईनं डाळ उतरवून ठेवली. संध्याकाळपर्यंत ती कुणीच हलवली नाही.

डॉक्टरनं गुडघ्यातला, हाडं बांधून ठेवणारा पट्टा तुटल्याचं सांगितलं. प्लास्टर लावलं, दोन महिन्यांनी काढलं, पण पाय आला तो तसाच. "हे दुखणं जुनं आहे," डॉक्टर बाबांना म्हणाले. "वेळेवर विश्रांती घेतली असती, तर दिवाळीपर्यंत बरा होऊन आरामात धावला असता." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांना पाहण्याचं काही कारणही नव्हतं. डॉक्टरांना जे प्लास्टरच्या आतून दिसलं, ते मला एका शिवणाच्या टेपनं भरतीच्या आधीच दिसलं होतं, आणि हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रदर्शनात आमचा माणूस चार दिवस धावला. लोक थांबायचे. "अगदी खराखुरा वाटतो हो!" म्हणायचे. एका बाईंनी मला विचारलं, हे असं कसं काय जमलं तुम्हाला? मी म्हटलं, निरीक्षण. मला मुलींची बॅच मिळाली आणि पुढे त्याच धंद्यात माझं आयुष्य गेलं. शिकवत राहिले, बरं चाललं, घर झालं. दादाला पोतं उचलता येईना, तो धरमकाट्यावर बसायला लागला, ट्रकांची वजनं लिहायला. लग्न झालं, मुलगी झाली. तो कधी कुणाला टाकून बोलला नाही. नशीब, म्हणायचा, आणि विषय बदलायचा. बाबा मात्र त्या वर्षानंतर फार बोललेच नाहीत, आणि काही वर्षांनी गेले.

आता मोबाइलवरच्या खेळांतली माणसं बघते तर थक्क होते. त्यांना घाम येतो, त्यांचा श्वास फुलतो, केस उडतात. म्हणे खऱ्या माणसांच्या अंगाला खुणा चिकटवून त्यांना पळवतात आणि त्यावरून ही करतात. मला कधीकधी त्या खऱ्या माणसांची काळजी वाटते. सगळं मोजून झाल्यावर त्यांना कुणी काही सांगत असेल का?

परवा, यंदाच्या नवतप्याच्या चौथ्या दिवशी, मी वाडीला गेले. वहिनी लेकीकडे गेली होती आणि दादा एकटाच होता. दुपारची वेळ, कूलर कोरडाच फिरत होता, बाहेर ट्रकांची तीच रांग. त्यानं माझ्यासाठी पन्हं केलं, साखर जास्तच घातली. इकडचं तिकडचं बोललो. आणि मग काही ठरवलेलं नसताना मी म्हणून गेले, "दादा, मले दिसलं होतं गा. भरतीच्या आधी. तुह्या डाव्या पायाचं. मी मोजलं होतं टेपनं."

तो ग्लासातल्या जिऱ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मालूम आहे," तो म्हणाला. "तू वाटेत बसून मोजताना पाह्यलं होतं मी."

"मंग बोलला काहून नाही?"

"इचारलं तं होतं तुले." त्याचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "दुसरं कायले इचारलं असन? बाबाले मी सांगू शकत नव्हतो. मले वाटलं, तू म्हणशील, दादा, नको धावू. तू म्हटलं असतं तं थांबलो असतो मी."

मला रडू आलं नाही. माफी मागायला गेले असते तर ती स्वतःच्याच सोयीसाठी मागितल्यासारखी झाली असती. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि क्लीनर फळीवर थाप मारून "आन दे, आन दे" ओरडत होता.

"कूलरमधलं पाणी संपलं वाटते," असं म्हणून दादा उठायला लागला. खुर्चीचा हात धरला, डावा गुडघा तळहातानं दाबला, एक क्षण तसाच थांबला आणि मग उजव्या पायावर भार देऊन उभा झाला. इतकी वर्षं मी हे बघत आले होते, प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात.

"दादा," मी म्हटलं, "दुखते का गा?"

तो बादलीपाशी थांबला. मागे वळला नाही.

"दुखते," तो म्हणाला.